सेफ्टी टाकीतलं बंदर

आमच्या वाडीत कुणी संडासाचा खड्डा खणायला घेतला, की नारळ फोडायला घरधनी नसला तरी चालतो, भाईकाका मात्र असतातच. कुदळीचा पहिला आवाज आला की हातातला चहा तसाच ठेवून निघतात. डोक्याला पंचा, पायात फाटके बूट, खिशात गवंड्याची लहान थापी आणि दात घासायचा जुना ब्रश. खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसतात आणि ज्याचा खड्डा असेल त्याला अगदी आपुलकीनं विचारतात, "ह्येच्या आदी तुमी खंय जायचास?"

हा प्रश्न त्यांनी एकदा सरपंचांच्या सासूबाईंना विचारला. म्हातारी अंगणात सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला, भाईकाकांकडे बघितलं आणि उठून आत गेली, ती त्या दिवशी बाहेर आलीच नाही. संध्याकाळी सरपंच आमच्या दारात. मी आत तोंडाला पदर लावून उभी. भाईकाका त्यांना शांतपणे समजावत होते, की जुनी वस्ती केवढी होती हे कळायचं तर माणसं झोपत कुठे होती यापेक्षा परसाकडे कुठे जात होती हे आधी शोधावं लागतं. सरपंचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाईनू, तां सगळा खरा. पण माझ्या सासयेक विचारू नकात."

भाईकाका माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. पुण्यातल्या एका संस्थेत पुरातत्त्व शिकवण्यात आणि देशभर उत्खननं करत फिरण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाले आणि खोकी भरभरून खापरं घेऊन गावी आले. घरामागे खाडीच्या बाजूला आमचा मांगर आहे, पूर्वी गवत आणि लाकडं ठेवायची खोली. तिथे राहतात आणि दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे येतात. आमची खानावळ आहे आणि पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. मी माहेरची बांद्याची. बांदा म्हणजे हमरस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव, त्यामुळे लग्न होऊन या खाडीकाठच्या वाडीत आले तेव्हा माझं नाक जरा वरच होतं. भाईकाकांनी ते ओळखलं. आजही मला नावानं हाक मारत नाहीत, "गो बांदेकरणी" म्हणतात.

खड्ड्यांचं कारण साधं आहे. खणायला सरकारी परवाना लागतो आणि तो एकट्यादुकट्या निवृत्त माणसाला मिळत नाही. पण दुसऱ्यानं खणलेल्या खड्ड्यात वाकून बघायला कुणाचाच परवाना लागत नाही. म्हणून विहीर, विजेचा खांब, घराचा पाया, संडास, सगळीकडे हे हजर. त्यांच्या संशोधनाची गती पंचायतीच्या शौचालय योजनेवर ठरते, असं माझा नवरा विकास म्हणतो. पैपाहुण्यांसमोर म्हणतो, म्हणून मला आवडत नाही.

आणि शोधायचं काय, तर शहर. आमची ही माडांची, चिखलाची, दुपारी कुत्रंही भुंकत नाही अशी वाडी, ही फार पूर्वी गलबतांचं बंदर होती, नुसतं बंदर नाही तर शहर होती, असं त्यांचं म्हणणं. जेवायला बसलेल्या पाहुण्याला मध्येच विचारणार, "शहर म्हणजे काय, सांगा." पाहुणा बिचारा सोलकढीची वाटी तोंडाशी नेत असतो. तो म्हणतो, मोठ्या इमारती. मग भाईकाका मालवणी सोडून पुण्याच्या मराठीवर येतात. "पूर्वी आम्हीही तसंच शोधायचो. तट आहे का, कोठार आहे का, लिपी आहे का, राजवाडा आहे का. असलं की म्हणायचं शहर. आता तसं नाही. आता आम्ही विचारतो, मीठ कुठून आलं, मडकी कुणी भाजली, सांडपाणी कुठे गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, परका माणूस जेवला कुठे." मग पाहुण्याच्या ताटाकडे बोट. "खेड्यात परक्याला आधी विचारतात, तू कोणाचा. मग जेवायला घालतात. शहरात विचारत नाहीत. इथे तुम्हाला कुणी विचारलं का?" पाहुणा नाही म्हणतो. खरं तर मी प्रत्येक पाहुण्याला मूळ गाव, आडनाव आणि मुलंबाळं विचारल्याशिवाय भातसुद्धा वाढत नाही. पण त्या वेळी गप्प बसते.

त्यांचं लग्न राहिलं तेही सांडपाण्यामुळे. माझ्या सासूबाई सांगायच्या. मसुऱ्याची मुलगी, घर चांगलं, पोहे झाले, मुलीला काय विचारायचं ते विचारा म्हणाले. भाईकाका उठून मागच्या परसात गेले. बराच वेळ झाला तरी येईनात. मुलीचा भाऊ बघायला गेला तर हे मोरीच्या पन्हळीच्या तोंडाशी बसून काठीनं गाळ उकरत होते. आत येऊन मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुमच्याकडे घरात जेवणारी माणसं तुम्ही सांगता त्यापेक्षा जास्त आहेत." ते खरंही होतं, घरात जावई राहत होता आणि ते गावाला सांगायचं नव्हतं. स्थळ तिथल्या तिथे मोडलं. पुढच्या सुट्ट्या उत्खननांत गेल्या आणि मग कुणी मुली दाखवेनासं झालं.

हे सगळं जुनं. मला स्वतःला जी लाज सोसावी लागली ती कचऱ्याच्या बादल्यांची. जुना कचरा वाचायचा तर आजचा कचरा वाचता आला पाहिजे, म्हणून रोज सकाळी खोल्यांतल्या बादल्या अंगणात ताडपत्रीवर हळूहळू उलट्या करतात आणि थर लावतात. ठाण्याचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचा गुरुवार कडक. मी वेगळ्या भांड्यात वरणभात करून घातला होता. शुक्रवारी सकाळी दोघं चहा घेत व्हरांड्यात बसलेली आणि भाईकाका ताडपत्रीवरून डोकं वर न करता म्हणाले, "खाली बुधवारचा पेपर. त्याच्यावर गुरुवारचा. कोळंबीची सालं गुरुवारच्या पेपराच्याही वर. म्हणजे गुरुवारी दुपारनंतर." बाईंनी कप बशीत ठेवला. नवरा उठून खोलीत गेला. मी स्वयंपाकघरात शिरले आणि विनाकारण नारळ खवत बसले. त्यांची गाडी गेल्यावर मी भाईकाकांना म्हटलं, "काकानू, तुमका लाज कशी वाटणा नाय?" ते म्हणाले, "कचरो खोटा बोलणा नाय गो. माणसा बोलतत. मी कचऱ्याबरोबर रवतंय."

एका दिवाळीला ते कणकवलीला दात काढायला गेले असताना मी मांगर झाडून लख्ख केला. जमिनीवर पसरलेली खापरं गोळा करून टोपल्यांत भरली, वर स्वच्छ फडकी घातली. ते आले, दारात उभे राहिले, सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाले, "संदर्भ मेलो." मला वाटलं दुखतंय म्हणून काहीतरी बडबडतायत. नंतर कळलं, वस्तू कुठे, कशाखाली, कशाशेजारी होती, त्याला ते संदर्भ म्हणतात. वस्तू हलवली की तो मेला. दोन दिवस जेवायला येताना सुतक असल्यासारखे येत होते. आणि मी स्वच्छतेबद्दल माफी मागणारी तालुक्यातली एकमेव सून असेन.

आता मूळ गोष्ट. आंगणेवाडीची जत्रा झाली आणि आम्ही आणखी दोन खोल्यांचं काम काढलं. मे महिन्याच्या सुट्टीआधी त्या उभ्या राहायला हव्या होत्या. खोल्यांच्या संडासांसाठी सेफ्टी टाकी हवी, टाकीसाठी खड्डा हवा, आणि खड्ड्याला जागा एकच, मागची माडांची बाग. आमचा गवंडी आग्नेल. त्याच्या माणसांनी छातीइतकं खणलं आणि कुदळीला खापरं लागायला लागली. भाईकाका काठावर होतेच. "थांबा," म्हणाले, आणि साठी कधीच ओलांडलेला माणूस खड्ड्यात उडी मारून उतरला.

मातीच्या लहान वाट्या होत्या. ओबडधोबड, सगळ्या एका मापाच्या, फुटक्या, अर्ध्या, काही अख्ख्या. एका बाजूच्या भिंतीत त्यांचा जाड पट्टाच्या पट्टा. भाईकाकांनी एक वाटी ब्रशनं साफ केली, तळ बघितला, मग दुसरी उचलली, मग तिसरी. वर आले ते वाटी हातात घेऊनच. मला म्हणाले, "गो बांदेकरणी, घरात कोण इतक्यो सारख्यो वाटयो ठेवता काय? ह्यो घाईत केलल्यो. परक्यांका वाढूचे, जेवले की टाकूचे. तुज्या आदी दोन हजार वर्षां हयसर कोणीतरी खानावळ चालवी."

खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्यांची लाज वाटली नाही. उलट छाती जरा फुगलीच.

मग जे व्हायचं ते झालं. खड्ड्याचं काम थांबलं. विकासनं मालवणहून पेंटर आणला आणि खानावळीच्या पाटीवर नावाखाली लिहून घेतलं, "दोन हजार वर्षांची अखंड परंपरा". मी म्हटलं, अखंड कशाला. तो म्हणाला, मधली वर्षं कोण मोजतंय. पंचायतीनं फाट्यावर फलक लावायचं ठरवलं, "प्राचीन बंदर-शहराकडे", खाली बाण. सरपंचांचा आनंद तर सांगायला नको. खाडीच्या पलीकडच्या गावाशी आमचं तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायच्या हद्दीवरून पिढीजात वैर आहे. सरपंच रोज धक्क्यावर उभे राहून पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोलत, "होय, होय, शहर आमच्यात होता. थंय? थंय काय नाय, थंय रान होता."

भाईकाकांनी पुण्याला फोन केला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे, डॉक्टर बाई. त्या म्हणाल्या, सर, मी स्वतः बघायला येते. या एका वाक्यावर भाईकाका आठवडाभर तरंगत होते. इतकी वर्षं त्यांचं हे बंदर पुण्यातल्या लोकांनी हसण्यावारी नेलेलं. आता कुणीतरी मोठं येऊन खाली वाकणार, बघणार आणि म्हणणार, सर, तुमचंच बरोबर होतं. एवढंच त्यांना हवं होतं. दाढी करायला स्वतःहून मालवणला गेले. मला विचारून गेले, कुठला शर्ट बरा दिसेल.

बाई यायच्या त्या सकाळी अंगणात मांडव, खुर्च्या, सरपंचांचा लाउडस्पीकर. सेफ्टी टाकीच्या खड्ड्याभोवती झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. चुलीवर सुरमईचं कालवण. भाईकाका पहाटेपासून खड्ड्यात. बाईंना भिंत स्वच्छ दिसावी म्हणून थापीनं खरवडत होते, तळ आणखी थोडा खाली नेत होते. मी चहा घेऊन गेले. नवा शर्ट मातीत माखलेला, आणि ते तळाशी मांडी घालून बसलेले. माझ्याकडे बघितलं आणि तळहात उघडून दाखवला. त्यात काचेची हिरवट गोटी होती. पूर्वी सोड्याच्या बाटलीच्या तोंडात असायची तसली.

"खंय गावली?" मी विचारलं.

"वाटयांच्या खाली."

मला एवढं कळायला काही शिक्षण लागलं नाही. वाट्या दोन हजार वर्षांच्या आणि त्यांच्या खाली सोड्याची गोटी. मी इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून म्हटलं, "काकानू, गोटी खिशात घाला. बाई येतीत, बघतीत, जेवतीत, जातीत. कोणाक काय कळाचा नाय."

ते म्हणाले, "गोटी खिशात घालूक येता गो. भिंत खंय घालू?" आणि भिंतीकडे हात केला. मला त्यात नुसती माती दिसली.

तोवर गाडी आली. टाळ्या, नारळ, सरपंचांचं भाषण. डॉक्टर बाई साध्या, कॉटनची साडी, बूट घालूनच आलेल्या. सरपंच माइकवर म्हणाले, आता भाई वर येऊन दोन शब्द बोलतील. भाईकाका वर येईनात. दोनदा पुकारलं. मग खड्ड्यातूनच आवाज आला, पुण्याच्या मराठीत, वर्गात बोलावं तसा. "बाई, तुम्हाला फुकट त्रास दिला. इथे शहर नाही. खापरं जुनी आहेत, पण इथली नाहीत. ही भर आहे. दलदल बुजवायला दुसरीकडची माती आणून टाकलेली आहे. तीही आपल्या आठवणीतल्या काळात. वाट्यांच्या खाली मला सोड्याची गोटी मिळाली."

सरपंच काठावर गेले आणि हळूच म्हणाले, "भाईनू, पोराबाळांनी टाकली आसतली गोटी." माइक त्यांच्या हातात चालूच राहिला होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं.

"नाही," आवाज आला.

"मगे ही माती खंयची?"

खड्ड्यातून उत्तर आलं. "पलीकडची. तिथल्या टेकाडाची."

म्हणजे शहर होतं, पण ते पलीकडच्यांचं. सरपंच खुर्चीवर बसले ते बसलेच. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, आणि मग हसणं मांडवभर झालं. डॉक्टर बाई साडी खोचून शिडीनं खाली उतरल्या. बराच वेळ दोघांचं बोलणं ऐकू आलं नाही. वर आल्या आणि म्हणाल्या, "सर म्हणतात ते बरोबर आहे." सरांना जे वाक्य ऐकायचं होतं ते असं ऐकायला मिळालं. बाई जेवल्या, कालवणाची तारीफ केली, पलीकडचं टेकाड बघायचं म्हणून होडीनं गेल्या आणि तिथूनच पुढे पुण्याला. गावकरीही जेवले, भरपूर जेवले. जाताना प्रत्येक जण पाटीकडे बघून, "अखंड परंपरा," असं मोठ्यानं वाचून जात होता. मला त्या पाटीखाली उभं राहायची सोय नव्हती आणि घरात बसायचीही. मान वर करून कुणाला पान द्यावं तर समोरचा हसू दाबत असे.

तिन्हीसांजा झाल्या तरी भाईकाका जेवायला आले नाहीत. विकास म्हणाला, राहू दे, भूक लागली की येतील. मी ताट वाढलं आणि तरातरा मागे गेले. मनात वाक्यं तयार होती. ते अजून खड्ड्यातच होते. कडेला ताट ठेवलं आणि सुरू केलं. "गावात तोंड दाखवूची सोय ठेवलात नाय. एक दिवस गप रवला आसतास तर काय झाला आसता? तुमची हौस होता, आणि हसा आमचा." आणखीही बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "झाला? आता खाली ये."

का उतरले ते सांगता येणार नाही. पदर खोचला आणि शिडीवरून खाली गेले.

त्यांनी थापीच्या टोकानं भिंतीवर एक रेघ ओढली, खालून गोल, वरून सपाट. मग दिसलं. भिंतीत माती एकसारखी नव्हतीच. काळ्या मातीचा एक लहान ढीग, त्याच्या अंगावर रेलून करड्या मातीचा दुसरा, त्यावर पुन्हा काळा. जिथवर भिंत तिथवर असेच ढीग.

"ही एक पाटी," ते म्हणाले. "ही दुसरी. ही तिसरी. माणूस डोक्यावरली पाटी वततां थंय अशी बसता माती. कितीव वर्षां झाली तरी तशीच रवता. मी पोरांका शिकवलंय ह्या. आयुष्यभर शिकवलंय, भर कशी वळखायची ती." थापीची माती झटकली. "बाई विचारी होती, भर कोणी केली ता शोधूक होया. शोधूक कित्याक? माका म्हायत आसा. माज्या बापसान केल्यान."

ही बाग पूर्वी मालवणच्या एका शेटची आणि ती कुळकायद्यात आमच्याकडे आली, एवढंच मला माहीत होतं. भाईकाकांनी सांगितलं ते घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. त्यांचा बाप शेटकडे मातीच्या मजुरीवर होता. पलीकडच्या टेकाडाची माती काळी, माडांना मानवणारी. ती होडीत भरायची, भरतीवर अलीकडे आणायची, आणि पाट्या वाहून इथल्या चिखलात ओतायची. वर्षानुवर्षं. भाईकाका लहानपणी होडीत मातीच्या ढिगावर बसून यायचे.

"मगे तुमका आठावला कसा नाय?" मी विचारलं.

ते भिंतीकडेच बघत होते. "पुण्याक गेलंय तेव्हा होस्टेलात सगळे विचारीत, बापूस काय करता. कोण वकिलाचो, कोण मामलेदाराचो. मी सांगलंय, माज्या बापसाचा गलबत आसा. बसऱ्याक जाता, खजूर हाडता." ते एकदा सांगितलं ते पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. एकदा मुंबईच्या नातलगाकडे आलेला बाप त्यांना भेटायला न सांगता पुण्याला पोचला. होस्टेलच्या पोरांनी त्याला घेरलं. काका, गलबताचं सांगा, वादळाचं सांगा.

"मी दारात उबो. तेका ह्येतला काय म्हायत नाय. माजेकडे एकदा बघल्यान. आणि मगे बापूस खाटेर बसलो आणि सांगूक लागलो. वादळ सांगल्यान, शिडा फाटली ती सांगल्यान, बसऱ्याचो बाजार सांगल्यान. रात्री जेवणापर्यंत सांगी होतो. माणूस खाडयेच्या भायर कदी गेलो नाय." भाईकाकांनी पंचानं तोंड पुसलं. "बापूस घराक परत गेलो. मगे मरेपर्यंत तेच्याबद्दल एक शब्द बोलाक नाय. मी पण बोलाक नाय."

मी शिडीला धरून उभी राहिले.

"गलबत सांगलंय म्हणान मगे बंदर होया झाला," ते म्हणाले. "बंदर असला तर माजा खोटा इतक्या खोटा नाय. म्हणान शोधूक लागलंय. शोधता शोधता कसा काय झाला देव जाणा, माती विसरलंय. ती होडी विसरलंय. माज्याच बापसाच्या पाटयेतली खापरां हातात घेवन मी तुका सांगी होतंय, हयसर शहर होता."

मला इतकी लाज वाटत होती की कुणाची म्हणून वाटतेय तेही कळेना. मघाशी बोललेलं सगळं तिथेच खड्ड्यात पडलेलं होतं आणि त्याच्यावर पाय देऊन वर जावंसं वाटेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आग्नेलाक सांगतंय. टाकी दुसरीकडे करूया."

"नको. दुसरी जागा नाय तुज्याकडे. मे महिनो इलो." ते नेहमीच्या आवाजात बोलले. "तो फाल्या सकाळी चिरे लावतलो. तेच्या आदी कोणीतरी एकदा नीट बघूक होया. मी एकट्यान बघून काय उपयोग."

त्यांनी माझा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. ओली, गार माती. एकेक ढीग दाखवत गेले, मोठे, सारखे, एकावर एक रेललेले. गुडघ्याच्या उंचीवर दोन मोठ्या ढिगांच्या मध्ये एक अगदी लहान ढीग होता, ओंजळीपेक्षा थोडासा मोठा. मी विचारलं, हा एवढाच का.

भाईकाका खाली बसले. तो लहान ढीग त्यांनी ब्रशनं हळूहळू साफ केला, कडा दिसेपर्यंत.

"ती माजी पाटी," ते म्हणाले. "मी हट धरलंय म्हणान बापसान माका बारकी विणून दिल्यान."